कुर्ल्याला न पोहोचलेलं इंजिन

मोटारीला विमानाचं इंजिन का बसवत नाहीत, हा प्रश्न मेकॅनिकलच्या वर्गात थर्मोडायनॅमिक्स शिकवताना कुणीतरी विचारतंच. धुळ्यात देवपूरला विचारतात, शिरपूरला विचारतात, जळगावला विचारतात. हल्ली प्रश्नासोबत उत्तरही मुलं घेऊनच येतात. अमेरिकेत अशी गाडी बनली होती, ती रॉकेलवर चालायची, तेलकंपन्यांना ते परवडणारं नव्हतं, म्हणून कंपनीने सगळ्या गाड्या चिरडून टाकल्या. मोबाइलवर तसे व्हिडिओ रग्गड आहेत. यातलं गाडी बनल्याचं खरं आहे, रॉकेलचं खरं आहे, चिरडल्याचंही बहुतांशी खरं आहे. कारण मात्र खोटं आहे. आणि खोट्या कारणाने मुलाचं समाधान झालं की खरा प्रश्न तो विचारत नाही.

आधी हकिकत. क्रायस्लर कंपनीने ऑक्टोबर १९६३ पासून जानेवारी १९६६ पर्यंत टर्बाइनवर, म्हणजे जेट विमानासारख्या इंजिनावर, चालणाऱ्या पन्नास मोटारी साध्या कुटुंबांना वापरायला दिल्या. एकेकाला तीन महिने, असं करत एकूण २०३ जणांना. गाडीचे पैसे नाहीत, तेल मात्र ज्याचं त्याने भरायचं. बॉडी इटलीत, तुरिनच्या गिया कारखान्यात घडवलेली. इंजिन १३० अश्वशक्तीचं. डिझेल घाला, रॉकेल घाला, शेंगदाण्याचं तेल घाला, ते चालायचं. शिसं मिसळलेलं पेट्रोल तेवढं घालू नका, अशी सूचना होती, आणि अमेरिकेतल्या पंपावर तेव्हा तेच सगळ्यात सहज मिळायचं. सगळ्या मिळून गाड्या दहा लाख मैलांहून जास्त फिरल्या. लोकांना काय आवडलं, कुठे अडलं, हे कंपनीने विचारून नोंदवलं. इंजिन थरथरत नाही, रेडिएटर नाही, थंडीत पटकन सुरू होतं, याचं कौतुक झालं. अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी निघायला सेकंद-दीड सेकंद थांबावं लागतं, आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा येतो आणि तेल फार पितं, अशा तक्रारी आल्या. कार्यक्रम आटोपल्यावर आधीच्या पाच नमुना-गाड्या धरून पंचावन्नपैकी ४६ मोडीत काढल्या आणि नऊ ठेवल्या. इटलीहून आणलेल्या बॉडीवरचं आयातशुल्क हे एक कारण सांगितलं जातं. अर्धवट प्रयोग बाहेरच्यांच्या हाती राहू नये, हे दुसरं. क्रायस्लरने काम त्यानंतरही थांबवलं नव्हतं. पुढच्या पिढ्यांची इंजिनं बनत राहिली आणि १९७९-८० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली तेव्हा कुठे हा खर्च बंद झाला. दडपायचं असतं तर कुणी तेरा-चौदा वर्षं आणखी पैसे ओतले नसते.

गाडी हरली ती तिच्या स्वभावामुळे. टर्बाइनमध्ये पुढे कॉम्प्रेसर हवा ओढून दाबतो, मधल्या दालनात तेल अखंड जळत राहतं, आणि तापलेला वायू मागच्या चाकाची पाती फिरवत बाहेर पडतो. त्या चाकातून जी ताकद मिळते तिचा मोठा वाटा, ढोबळ मानाने दोन-तृतीयांश, पुढचा कॉम्प्रेसर फिरवण्यातच खर्ची पडतो. उरलेल्यावर गाडी चालते. गाडी चालो न चालो, कॉम्प्रेसरला मात्र फिरत राहणं भाग आहे. धुळ्यात आग्रा रोडवर पाचकंदीलपाशी गर्दीत अडकलेल्या गाडीचं साधं इंजिन मिनिटाला आठशे-हजार फेऱ्यांवर गुरगुरत असतं. क्रायस्लरचं टर्बाइन गाडी उभी असतानाही अठरा ते बावीस हजार फेऱ्या घेत होतं. पाचशे पानांच्या पंगतीची भट्टी दिवसभर पेटती ठेवायची आणि तिच्यावर अधूनमधून एक कप चहा करायचा, तशातली गत. पंगत असेल तेव्हा त्या भट्टीला तोड नाही. उरणचं वायू विद्युत केंद्र १९८२ पासून बॉम्बे हायच्या गॅसवर चालतं, ६७२ मेगावॅटचं आहे, आणि तिथे टर्बाइनला ही अडचण येत नाही. तिथे भार मोठा असतो आणि तासन् तास टिकतो. विमानाचंही तसंच. मोटार मात्र आयुष्यातला बहुतेक काळ तिच्या ताकदीच्या एक-पंचमांश भारावर काढते, थांबते, निघते, पुन्हा थांबते.

दुसरं दुखणं आकाराचं. पात्याचं टोक आणि भोवतालचं कवच यांच्यात बारीक फट ठेवावीच लागते, नाहीतर तापून वाढलेलं पातं घासतं. उरणच्या टर्बाइनच्या लांब पात्यांना ती फट नगण्य असते. मोटारीच्या इंजिनात पातीच बोटाच्या पेराएवढी. तिथे तेवढीच फट मोठं भोक ठरते आणि दाबलेली हवा काम न करताच निसटते. शिवाय पिस्टनच्या डोक्यावर आग क्षणभर लागते आणि लगेच थंड हवा येते, म्हणून तिथे साधं बीड, अॅल्युमिनियम टिकतं. टर्बाइनचं पातं सतत त्या झोतातच असतं. त्याला निकेलची महागडी मिश्रणं लागतात. क्रायस्लरने बाहेर जाणाऱ्या वायूची उष्णता फिरत्या चकत्यांवर धरून आत येणाऱ्या हवेला परत दिली. ही युक्ती अस्सल होती, तिने तेलाचा खप बराच खाली आला, तरी पेट्रोल गाडीला गाठता आलं नाही. १९७० नंतर अमेरिकेत धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडवर बंधनं आली आणि १९७३ नंतर तेल महागलं. तेव्हा उरलासुरला वावही गेला.

हे सगळं अमेरिकेच्या हवेत झालं. ती गाडी खानदेशात आणली असती तर काय झालं असतं, याचा विचार माझ्या माहितीत कुणी केलेला नाही, पण करायला सोपा आहे. टर्बाइनची ताकद कागदावर मांडताना हवा १५ अंश सेल्सिअस धरतात. धुळ्याला मे महिन्यात दुपारी ४३-४४ अंश नेहमीचे, भुसावळला त्याहून वर. गरम हवा विरळ असते आणि कॉम्प्रेसर तर ठरावीक घनफळच गिळतो, म्हणून अंशामागे साधारण अर्धा ते एक टक्का ताकद उतरते. म्हणजे सर्वांत जास्त चढ, सर्वांत जास्त भार आणि सर्वांत जास्त ऊन एकत्र येतात त्या दिवशी, धुळ्याजवळच्या लळिंगच्या घाटात, त्या इंजिनाची पाचवा हिस्सा ताकद गायब. पिस्टनचंही उन्हात थोडं उतरतं, पण तेवढं नाही. पुढे धूळ. सारख्या ताकदीला टर्बाइन तिप्पट-चौपट हवा ओढतं, आणि आपली हवा एप्रिल-मे महिन्यात नांगरलेल्या काळ्या रानाची असते. अमेरिकेचा अब्राम्स रणगाडा टर्बाइनवर चालतो; वाळवंटात त्याच्या हवेच्या जाळ्या झाडणं हे त्याच्या सैनिकांचं रोजचं काम होऊन बसतं. आणि घाट उतरताना काय? सुरतेकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोंडाईबारी उतरणारा ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरात टाकतो आणि इंजिनच तिला रोखून धरतं. साध्या दोन दांड्यांच्या टर्बाइनमध्ये चाकांचा कॉम्प्रेसरशी काही संबंध नसतो, तिथे असा रोध मिळत नाही. क्रायस्लरने पाती वळवून तो थोडाफार आणला होता. माल भरलेल्या ट्रकला तो पुरला असता असं मला वाटत नाही.

आता रॉकेलचं. कुठलंही तेल चालतं, हा या इंजिनाचा सगळ्यात मोठा गुण म्हणून सांगितला जातो. तो गुण कुठे आहे यावर अवलंबून आहे. आपल्याकडे रॉकेल रेशनवर, गरिबाच्या चुलीसाठी आणि कंदिलासाठी, सरकारी पैशाने स्वस्त केलेलं असायचं. त्याच्या आणि डिझेलच्या भावातली तफावत हाच एक धंदा झाला होता. धुळ्याहून फार लांब नाही, मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्यांनी भरदिवसा जाळून मारलं. डिझेल इंजिन रॉकेलची भेसळ सोसतं तरी कुरकुरत. टर्बाइनला ती भेसळ वाटलीच नसती. चालत्या मोटारींच्या टाक्यांनी रेशनचं रॉकेल किती ओढलं असतं याचा हिशोब करायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. डेट्रॉइटमध्ये जो गुण होता तो इथे गुन्ह्याला निमंत्रण ठरला असता.

म्हणजे ही गाडी गेली ते बरंच झालं, असंच मला म्हणायचं आहे का? हो, तेही म्हणायचं आहे. पण ती गेली हे ठरवलं कुणी? ज्यांनी बनवली त्यांनी. आपण फक्त निकाल ऐकला. आणि इथे धुळ्याचा एक धागा येतो, जो थेट मुंबईच्या कुर्ल्यापर्यंत जातो.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून इंजिनिअर होऊन १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत ते खानदेशात, धुळ्याला होते आणि पांझरेच्या एका पाटासाठी नळांचा सायफन त्यांनी बांधला. पुढे म्हैसूरचे दिवाण म्हणून त्यांचं नाव झालं, ते सर्वांना माहीत आहे. कमी माहीत आहे ते हे की १९३० च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, हिंदुस्थानात मोटारी बनवण्याचा कारखाना काढावा म्हणून त्यांनी युरोप-अमेरिका पालथी घातली, योजना लिहिली, सरकारचे उंबरे झिजवले. इंग्रज सरकारने दाद दिली नाही. ते काम अंगावर घेतलं सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. क्रायस्लरशी बोलणी त्यांनीच केली. मोटारीच्या कामासाठी अमेरिकेला गेलेल्या वालचंदांना परतीच्या प्रवासात विल्यम पॉली हा विमानांचा व्यापारी भेटला आणि त्या भेटीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. एका माणसाच्या एका प्रवासातून देशाच्या मोटारीचाही पाया पडला आणि विमानाचाही. विमानाचा कारखाना सरकारने १९४२ मध्ये ताब्यात घेतला. मोटारीचा कारखाना, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, १९४४ मध्ये स्थापन होऊन कुर्ल्याला उभा राहिला आणि १९४७ मध्ये क्रायस्लरच्या परवान्यावरच्या डॉज, प्लिमथ, फार्गो गाड्या तिथून बाहेर पडू लागल्या. पुढे लवकरच प्रीमियरने दुसरा हात इटलीच्या फियाटचा धरला.

आता तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहा. एप्रिल १९५४ मध्ये फियाटने तुरिनला लिंगोत्तो कारखान्याच्या गच्चीवरच्या धावपट्टीवर आपली टर्बाइन मोटार पळवली. तिच्यामागे कंपनीचा मुख्य रचनाकार दान्ते जाकोसा होता. फियाट ११०० चा जनकही तोच, आणि तीच ११०० त्याच सुमारास कुर्ल्याला येऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जिच्यावर दोन पिढ्या बसल्या, जिचं नाव पुढे पद्मिनी पडलं, ती गाडी. १९५४ मध्येच क्रायस्लरने आपल्या प्लिमथमध्ये टर्बाइन बसवून दाखवलं आणि १९५६ मध्ये ती न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला नेली. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्याचे दोन्ही परदेशी गुरू त्या वर्षांत टर्बाइनच्या नादी लागले होते. कुर्ल्याला त्यातलं काहीही आलं नाही. करारात ते नव्हतंच. करारात होता ठरलेला नकाशा, ठरलेले साचे आणि ठरलेले सुटे भाग, जे हळूहळू इथे बनवायचे. एखादा नकाशा का बदलला, कोणता भाग आधी फुटला, कोणत्या इंजिनावर तीन वर्षं घालवून ते सोडून दिलं, यातलं काही परवान्याच्या कागदावर येत नसतं.

प्रीमियरवर रागावण्यात अर्थ नाही. परकीय चलन मिळत नव्हतं, सरकारी धोरण असं होतं की मोजक्या कारखान्यांना परवाना आणि बाकीच्यांना बाहेरचा रस्ता. फोर्ड आणि जनरल मोटर्स त्याच काळात इथून गेले. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराला उभं. जे बनेल ते विकलं जात असताना नवीन इंजिन करून पाहायची गरज कुणाला वाटावी? त्याच वालचंदांनी सुरू केलेल्या बंगळूरच्या कारखान्यात मात्र उलट घडलं. कोल्हापूर भागातल्या हसुरचंपूचे विष्णु माधव घाटगे जर्मनीत लुडविग प्रांटलच्या हाताखाली शिकून आले होते. त्यांनी १९४१ मध्ये ग्लायडर केला, त्यांचं एचटी-२ विमान १९५१ मध्ये उडालं, किरण हे जेट विमान १९६४ मध्ये. किरणसाठी एचजेई-२५०० नावाचं स्वतःचं जेट इंजिनही आखलं गेलं, ते चाचणीपर्यंत गेलं आणि सोडून दिलं. किरण परदेशी इंजिनांवरच उडालं. पुढे कावेरी इंजिनाचंही तसंच काहीसं झालं. २००८ मध्ये ते तेजस विमानापासून वेगळं करण्यात आलं. वर्तमानपत्रं याला अपयश म्हणतात. असेल. पण तिथे इंजिन का जमत नाही, पातं कुठे तडकतं, हे सांगू शकणारी माणसं आज देशात आहेत. मोटारीच्या बाजूला तशी माणसं कितीतरी उशिरा तयार झाली. फरक एवढाच की विमानाचं गिऱ्हाईक हवाई दल होतं, ते नंबराला मुकाट उभं राहणारं नव्हतं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की गरीब देशाने श्रीमंतांची खेळणी कशाला करून पाहायची. आक्षेप चुकीचा नाही, पण तो प्रयोगाची किंमत फक्त इंजिनात मोजतो. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने मार्च १९५० मध्ये जेट-१ नावाची जगातली पहिली टर्बाइन मोटार चालवली. तेल इतकं प्यायची की कुणी विकत घेतली नसती. आज ती लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. तिच्यावर काम करणाऱ्या स्पेन्सर किंग या इंजिनिअरने वीस वर्षांनी, १९७० मध्ये, बाजारात आलेली रेंज रोव्हर रचली. ती बनवणारी जॅग्वार लँड रोव्हर कंपनी २००८ पासून टाटांची आहे आणि २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात करण्याची घोषणा झाली. टर्बाइन वाया गेलं, माणूस वाया गेला नाही. आपण आज त्या माणसाच्या कामाचं फळ परवान्यावर नव्हे तर मालकीने घेतो आहोत, पण तो माणूस घडला दुसरीकडे.

आणि टर्बाइन तरी खरंच वाया गेलं का? मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता धुळ्याला एकमेकांना छेदतात, तिथे गॅरेजांच्या रांगेत उभं राहावं. जवळजवळ प्रत्येक ट्रकच्या इंजिनाला एक टर्बो लावलेला असतो. मिस्त्री तो खोलून हातात घेतो, दांडी दोन बोटांत धरून वरखाली हलवतो, प्ले किती आहे ते बघतो, मग पात्यांवर नख फिरवतो. ‘शिट्टी मारत होता ना? काळा धूर? हे बघा, पातं खाल्लं.’ एका बाजूचं चाक काळं पडलेलं, दुसऱ्या बाजूचं चकचकीत. ही दोन चाकं आणि मधली दांडी म्हणजे गॅस टर्बाइनच आहे, फक्त मधलं जळण्याचं दालन काढून तिथे डिझेल इंजिन बसवलं आहे. इंजिनाचा फुकट जाणारा धूर एक चाक फिरवतो, ते दुसरं चाक फिरवतं, ते इंजिनात जास्त हवा कोंबतं. मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, एक-दोन मिनिटं सुरू ठेवा, नाहीतर फिरत्या दांडीला ऑइल मिळत नाही आणि ते आतच जळून कोळसा होतं, हे कुठल्याही कॉलेजात न गेलेला क्लीनर जाणतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीने हे पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं. पण लहान आकाराची, स्वस्त, हजारो तास टिकणारी पाती बनवायची कला असल्या नादांतूनही पिकली असावी. मोटारीत टर्बाइनला एकट्याने राज्य मिळालं नाही, त्याने चाकरी पत्करली आणि टिकलं.

टाटांनी एकदा उलटा डाव टाकून पाहिला होता. २०१० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जॅग्वारने सी-एक्स७५ दाखवली. तिच्यात ब्लेडन जेट्सची दोन छोटी टर्बाइनं होती, प्रत्येकी ७० किलोवॅटची. ती चाकं फिरवत नव्हती, बॅटरी भरत होती. चाकांना विजेच्या मोटारी. कल्पना हुशार होती, कारण अशा जागी टर्बाइनला एकाच भारावर, एकाच वेगाने चालता येतं, म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं दुखणं टळतं. टाटांनी ब्लेडनमध्ये पैसेही घातले. पण विकायच्या गाडीचा आराखडा झाला तेव्हा टर्बाइन काढून तिथे १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, आणि डिसेंबर २०१२ मध्ये तो प्रकल्पच थांबला. इथेही कुणी दडपलं नाही. या खेपेला मात्र सोडून देण्याचा निर्णय ज्या टेबलावर झाला, त्यावर मुंबईचीही खुर्ची होती. माझ्या लेखी कुर्ल्यापासूनचा सगळ्यात मोठा पल्ला तो आहे.

आमच्या भागात हा पल्ला अजून सुरूही झालेला नाही. खानदेशातल्या एका कॉलेजात अंतिम वर्षाच्या मुलांनी भंगारातून ट्रकचा जुना टर्बो आणून त्याचं जेट इंजिन करायचा प्रोजेक्ट घेतला होता. जगभर हौशी लोक हे करतात, कल्पना नवीन नव्हती. जाड लोखंडी नळीला भोकं पाडून जळण्याचं दालन केलं, गॅसची टाकी लावली, ऑइलसाठी वेगळा पंप, आणि सुरुवातीला चाक फिरवायला पानं उडवायचा ब्लोअर. ब्लोअर चालू असेपर्यंत आवाज चढायचा, मागचं कवच लाल व्हायचं, आणि ब्लोअर काढला की सगळं मंदावत बंद. स्वतःच्या दमावर ते एकदाही चाललं नाही. मुलांनी भोकांची जागा तीन वेळा बदलली, ज्योत दालनाऐवजी चाकापाशी जळते आहे हे त्यांनी ओळखलं, ते मोबाइलवर टिपूनही ठेवलं. ही नोंद त्या कॉलेजात त्या वर्षी झालेली सगळ्यात मोलाची नोंद होती असं माझं ठाम मत आहे. रिपोर्टात ती आली नाही. रिपोर्टात लिहिलं की इंजिन यशस्वीरीत्या चाललं, खाली इंटरनेटवरून उचललेला आलेख. चाललं नाही असं लिहिलं तर गुण जातात, हे त्यांना वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. शेजारच्या टेबलावर प्रोजेक्ट विकत आणून ठेवलेले होते, ते सगळे व्यवस्थित चालत होते.

हे फक्त मुलांचं नाही. आता पुन्हा एक नवं इंजिन दारात आलं आहे, विजेचं. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या, त्यातली एक पुण्याच्या रस्त्यावर. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, चाळिशीच्या वरच्या तापमानात रोज उभी राहिली आणि रोज भरली तर तिचं आयुष्य घटतं, हे रसायनशास्त्र सांगतं. ते किती घटतं, लळिंगचा घाट रोज चढणाऱ्या गाडीचं किती, दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभ्या रिक्षाचं किती, हे रसायनशास्त्र सांगत नाही. त्यासाठी गाडी इथेच, मे महिन्यात, इथल्या माणसाच्या हातात द्यावी लागते. क्रायस्लरच्या प्रयोगात मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती टर्बाइन नाही, ते २०३ ड्रायव्हर. त्यात सगळे इंजिनिअर नव्हते, आणि तक्रार करायला त्यांना पोटातून भीती नव्हती, कारण गाडी त्यांची नव्हती आणि कर्जही त्यांच्या डोक्यावर नव्हतं. आपल्याकडे नवी गाडी पहिल्यांदा घेतो तो कर्ज काढूनच घेतो. बिघडली तर प्रयोगाचा खर्च त्याच्या हप्त्यातून जातो आणि नोंद कुठेच होत नाही.

आग्रा रोडने उत्तरेला गेलं, शिरपूर, सेंधवा ओलांडलं की पुढे पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र आहे, ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी-पथ २०२१ मध्ये तिथे सुरू झाला. आमच्या कॉलेजांची मुलं बाहा या विद्यार्थ्यांच्या मोटार-स्पर्धेसाठी तिथे आपल्या गाड्या घेऊन जातात. चाचणीचं गाव चार-पाच तासांवर आहे आणि चाचणीचं ऊन आपल्या अंगणात आहे. जिल्ह्यातल्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून पन्नास नाही, पाच विजेच्या रिक्षा एका उन्हाळ्यासाठी चालवायला द्याव्यात, कंपनीने बॅटरीचं तापमान मोजणारं यंत्र बसवून द्यावं, रिक्षावाल्याच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत, आणि जे बिघडेल ते सप्टेंबरपर्यंत मराठीत छापून टाकावं. विद्यापीठाच्या एका चर्चासत्राच्या खर्चात हे सहज बसेल. परीक्षकांना सांगायचं एवढंच की ज्या रिपोर्टात बिघाडाचं प्रकरण नसेल तो परत पाठवा.